बारामतीची लढाई, मुकुंदऱ्याची माघार

१८०२ साली दिवाळी २५ ऑक्टोबरला आली होती. त्या सकाळी हडपसरच्या माळावर तोफा सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांची एकत्र फौज मोडून काढली. दुसरा बाजीराव सिंहगडाकडे पळाला. एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं. पण त्या लढाईची पहिली फेरी सतरा दिवस आधी, ८ ऑक्टोबरला, बारामतीजवळ झडली होती. यशवंतरावांचा सरदार फत्तेसिंग माने याने तिथे पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पुण्याचा रस्ता मोकळा झाला. कऱ्हेकाठच्या या लढाईविषयी आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. पानिपत, खर्डा, आष्टी, कोरेगाव ही नावं तोंडपाठ असणाऱ्यांनाही बारामतीची लढाई विचारली तर ते गोंधळतात.

ही लढाई मराठ्यांनी मराठ्यांशी केली. तिच्यामुळे इंग्रज पुण्यात आले. आणि ती जिंकणाऱ्या यशवंतरावांनीच पुढे दोन वर्षांनी, राजस्थानातल्या मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत, इंग्रजांच्या पाच पलटणींची अशी दाणादाण उडवली की कलकत्त्यापासून लंडनपर्यंत तिचे पडसाद उमटले. या दोन घटना एकत्र ठेवून वाचल्याशिवाय दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा अर्थ लागत नाही, असं माझं मत आहे.

आधी कऱ्हेकाठचा मुलूख डोळ्यांसमोर आणू. सासवड, जेजुरी, मोरगाव करत कऱ्हा बारामतीला येते आणि पुढे नीरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहत नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. आज या पट्ट्यात ऊस उभा दिसतो, साखर कारखान्यांची धुराडी दिसतात, द्राक्षाचे आणि डाळिंबाचे मळे दिसतात. १८०२ मध्ये यातलं काही नव्हतं. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा, उजनी तर अगदी परवाची. तेव्हा हा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख होता. पश्चिमेकडे बाजरी, पूर्वेला इंदापूरच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी, आणि जनावरांना कडबा. परतीचा पाऊस पडला तर वर्ष निघायचं, नाही पडला तर माणसं गाव सोडायची. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा म्हणजे बाजरीची कणसं खळ्यावर आलेली आणि शाळू नुकता पेरलेला किंवा पेरायचा. नेमक्या त्याच दिवसांत हजारो घोडी या रानात शिरली.

बारामती तेव्हा लहान पण नाव असलेलं गाव होतं. बाबूजी नाईक जोशी यांचं घराणं इथलं. सावकारी मोठी, आणि पेशव्यांशी सोयरीक. बाबूजींच्या भावाला पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिली होती. याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत पराडकर पन्हाळ्याहून इथे आले, आर्या रचत राहिले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. म्हणजे मोरोपंत जाऊन पुरती नऊ वर्षंही झाली नव्हती तोच ज्या रानात त्यांची पुराणं होत असतील तिथे पेंढारी फिरू लागले. वाचताना हे मनाला लागतं.

यशवंतराव दक्षिणेत का आले, हे समजून घ्यायला मागे जावं लागतं. तुकोजी होळकर १५ ऑगस्ट १७९७ ला वारले. महिना होतो न होतो तोच, १४ सप्टेंबरला, दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात त्यांच्या मुलावर, दुसऱ्या मल्हाररावांवर, छापा घातला आणि त्यांना मारलं. यशवंतराव निसटले, नागपूरला भोसल्यांकडे गेले, तिथे कैदेत पडले, तिथूनही पळाले. त्यांचे भाऊ विठोजी पेशव्यांच्या मुलखात धामधूम करत असताना पकडले गेले. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने त्यांना पुण्यात, शनिवारवाड्यासमोर, हत्तीच्या पायाला बांधून मारवलं. मल्हाररावांचा लहानगा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या कैदेत असीरगडावर होता. यशवंतरावांचं म्हणणं सरळ होतं: पोराला सोडा, होळकरांची दौलत आमची आम्हाला द्या, शिंद्यांनी केलेला अन्याय पेशव्यांनी धनी म्हणून निवारावा. बाजीरावाने ते कानाआड केलं. धनी धन्यासारखा वागला असता तर ऑक्टोबर १८०२ उगवलाच नसता.

यशवंतराव मूळचे पुणे जिल्ह्यातले. जन्म ३ डिसेंबर १७७६ चा, खेड तालुक्यातल्या वाफगावचा. त्यामुळे खानदेशातून नगरकडे आणि तिथून भीमेच्या खोऱ्यात उतरणारी त्यांची फौज परक्या मुलखात येत नव्हती. पण फौज म्हणजे एक माणूस नव्हे. फत्तेसिंग माने आणि शहामतखान यांच्या आघाडीच्या तुकड्यांबरोबर पेंढारी होते. पेंढाऱ्याला पगार नसतो, लूट हाच त्याचा पगार. ८ ऑक्टोबरच्या विजयानंतर पेशव्यांची उरलीसुरली फौज पुण्याकडे सरकली आणि इंदापूर-बारामतीचा पट्टा या घोडदळाला उघडा पडला. उभी पिकं घोड्यांच्या पोटात गेली, पेवं उकरली गेली, गावोगाव खंडणी बसली. पाठोपाठ १८०३ मध्ये पावसाने दगा दिला आणि १८०३-०४ चा तो भयंकर दुष्काळ पडला. दख्खनच्या आठवणीत तो फार काळ राहिला. होळकरांची फौज आणि लगोलग दुष्काळ या दोन माऱ्यांनी इंदापूरकडची गावंच्या गावं ओस पडली. पाटील-कुलकर्ण्यांनीही घरं सोडली. पुढची कित्येक वर्षं तिथल्या जमिनी पडीक होत्या, हे इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलेलं आहे.

यशवंतरावांचा मला अतिशय आदर आहे, पुढे तो लपणारही नाही. पण त्यांच्या शौर्याची गाणी गाताना इंदापूरच्या शेतकऱ्याचं ओस पडलेलं घर वगळायचं, हे मला मान्य नाही. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात, एकाच रानात घडल्या.

हडपसरला काय झालं ते थोडक्यात. शिंद्यांच्या बाजूला सदाशिवराव भास्कर हा सरदार आणि कॅप्टन डॉस याच्या हाताखालच्या कवायती पलटणी होत्या. सकाळभर तोफांची मारामारी चालली. होळकरांचं घोडदळ एकदा मागे रेटलं गेलं तेव्हा यशवंतराव स्वतः पुढे झाले आणि तोफांवर तुटून पडले. डॉस मारला गेला, होळकरांचा इंग्रज अधिकारी हार्डिंगही पडला. सदाशिवराव भास्करचं नाव लक्षात ठेवावं, तो पुन्हा येणार आहे.

यानंतर बाजीरावाने जे केलं ते मराठी माणसाने कधी विसरू नये. सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असा तो पळत राहिला आणि अखेर इंग्रजांच्या जहाजातून वसईला गेला. ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने वसईच्या तहावर सही केली. तैनाती फौज घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी युद्ध किंवा तह करायचा नाही. इकडे यशवंतरावांनी पुण्यात बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव याला पुढे करून कारभार चालवायचा प्रयत्न केला. खजिना रिकामा होता, फौज पगार मागत होती, म्हणून शहरातल्या सावकारांकडून आणि सामान्य माणसांकडूनही जबरदस्तीने पैसा वसूल झाला. पुणेकरांच्या मनात होळकर या नावाबद्दल जी अढी बसली ती या महिन्यांतली.

मग म्हैसूरकडून आर्थर वेलस्ली निघाला. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीचा हा धाकटा भाऊ, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १५ एप्रिल १८०३ ला तो अकलूजला पोचला. अमृतराव पुणं जाळून निघून जाणार अशी खबर आली, तेव्हा पायदळ मागे ठेवून तो घोडदळासह पुढे सुटला आणि ६० मैल ३२ तासांत कापून २० एप्रिलला पुण्यात दाखल झाला. अकलूजहून पुण्याची ही वाट नीरेच्या खोऱ्यातली, बारामतीच्या बाजूची. सहा महिन्यांपूर्वी ज्या मुलखातून होळकरांची फौज पुण्यावर चालून गेली, त्याच मुलखातून इंग्रजांची फौज पुण्यावर गेली. फरक एवढाच की ही फौज पुन्हा परत गेली नाही. १३ मे रोजी बाजीराव तिच्या पहाऱ्यात आपल्याच राजधानीत शिरला.

आता मराठ्यांनी एकत्र यायला हवं होतं. शिंदे आणि नागपूरकर भोसले उभे राहिले. यशवंतराव माळव्यात थांबून राहिले. दौलतरावांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि तो का नव्हता हे वर आलंच आहे. भावांच्या खुनाची जखम ओली होती. तरीही, १८०३ चा हा थांबा ही यशवंतरावांच्या आयुष्यातली सर्वांत महाग चूक होती असं मी म्हणेन. ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला पडला, सप्टेंबरमध्ये दिल्ली आणि असई, नोव्हेंबरमध्ये लासवारी आणि अडगाव, डिसेंबरमध्ये गाविलगड. वर्ष संपायच्या आत देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव इथे भोसले आणि शिंदे दोघांनीही तहावर सह्या केल्या. पाच महिन्यांत खेळ आटोपला. मग होळकर एकटे उरले, आणि एकटे उरल्यावर लढायला उभे राहिले. एप्रिल १८०४ मध्ये इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं.

कर्नल विल्यम मॉन्सन हा काही भित्रा माणूस नव्हता. अलीगडच्या हल्ल्यात तो जबर जखमी झालेला होता. इंग्रजांचा सरसेनापती जनरल लेक याने त्याला पाच पलटणी शिपाई, तोफा आणि हिंदी घोडदळ देऊन होळकरांच्या मागावर धाडलं. गुजरातेतून कर्नल मरे येणार आणि दोघांच्या कात्रीत होळकर सापडणार असा बेत होता. मॉन्सन मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून माळव्यात उतरला आणि २ जुलैला त्याने हिंगलाजगड घेतला. तिथून पुढे तो आणखी आत गेला. बरोबर धान्य बेताचं, पाठीमागच्या नद्यांवर नावा नाहीत, आणि पावसाळा तोंडावर.

७ जुलैच्या सुमारास दोन बातम्या एकदम आल्या. यशवंतराव सगळी फौज घेऊन चंबळ ओलांडून अंगावर येताहेत, आणि मरे उलट फिरून मही नदीपलीकडे गेला आहे. मॉन्सनने ८ जुलैला माघार सुरू केली. लेफ्टनंट लुकन आणि बापूजी शिंदे यांना घोडदळासह पिछाडीला ठेवलं. त्यांच्यावर होळकरांची धाड पडली. घोडदळ कापलं गेलं आणि लुकन कैद झाला. बापूजी निसटून मॉन्सनला येऊन मिळाला खरा, पण पुढे तो होळकरांच्याच पक्षाला गेला.

मुकुंदऱ्याच्या तोंडाशी ११ जुलैला इंग्रजांनी होळकरांच्या घोडदळाचे हल्ले थोपवले. खिंड अरुंद, दोन्हीकडे डोंगर. इथे ठाण मांडलं असतं तर मॉन्सन कदाचित टिकला असता असं त्या काळच्या काही लष्करी लेखकांनी म्हटलं आहे. पण पाठीमागची रसद तुटेल या धास्तीने तो कोट्याकडे निघाला. कोट्याच्या जालीमसिंगाने वेशीची दारं उघडली नाहीत. मग पाऊस आला. माळव्याची काळी माती भिजली की काय होते हे इंदापूरच्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. तोफेचं चाक तुंब्यापर्यंत रुततं, बैल गुडघ्यावर बसतात, आणि ओढणारी माणसं स्वतःच चिखलात अडकतात. १५ जुलैला मॉन्सनच्या तोफा अशा बसल्या की निघेनात. त्यांच्या कान्यांत खिळे ठोकून त्या तिथेच सोडल्या. दारूगोळा नष्ट केला. पुढे चंबळेरीचा ओढा तुडुंब भरलेला. गोऱ्या गोलंदाजांना हत्तींवरून पार केलं, शिपाई तराफ्यांवरून गेले. मागच्या काठावर राहिलेली शिपायांची बायकापोरं भिल्लांच्या तावडीत सापडली आणि मारली गेली. हे त्या शिपायांनी समोरच्या काठावरून पाहिलं. पराभूत सैन्याच्या इतिहासात सेनापतींची नावं येतात, या बायकापोरांची येत नाहीत. आणि ते शिपाई गोरे नव्हते, याच देशातले होते.

जुलैच्या अखेरीला मॉन्सन रामपुऱ्याला पोचला. आग्र्याहून लेकने पाठवलेल्या दोन पलटणी, चार तोफा आणि धान्य तिथे मिळालं. पण तो तिथे आठवड्यांमागून आठवडे पाऊल टाकायचं की नाही या विचारात राहिला, आणि शेवटी २१ ऑगस्टला निघाला. दुसऱ्याच दिवशी बनास आडवी आली, दुथडी भरून. २४ तारखेला नदी उतरू लागली आणि अर्धी फौज पलीकडे, अर्धी अलीकडे असताना होळकरांची सगळी ताकद मागच्या तुकडीवर कोसळली. मेजर सिंक्लेअरच्या शिपायांनी उलट चाल करून काही तोफा हिसकावल्या, पण क्षणभरच. सिंक्लेअर पडला, तुकडी जवळजवळ संपली. सामानसुमान सगळं नदीकाठी राहिलं.

खुशालगडला मॉन्सनला मदत मिळायची होती. तहानुसार शिंदे आता इंग्रजांचे मित्र होते आणि त्यांच्या पलटणी व तोफा तिथे तयार होत्या. त्यांचा सरदार होता सदाशिवराव भास्कर, हडपसरला यशवंतरावांकडून मार खाल्लेला तोच. त्याने मॉन्सनला मदत तर केली नाहीच, उलट तो होळकरांच्या बाजूला झाला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवशी एकमेकांवर तोफा डागणारी माणसं आता एका बाजूला उभी होती. हेच १८०३ मध्ये झालं असतं तर, हा प्रश्न मला इथे सर्वांत जास्त छळतो. मराठ्यांना एकत्र येता येत होतं. वेळ निघून गेल्यावर आले.

२६ ऑगस्टला मॉन्सनने उरलेल्या शिपायांचा चौकोन रचून चाल सुरू केली. काही शिपाई हत्यारांनिशी होळकरांना जाऊन मिळाले. हिंडौन, मग बयाना. बयान्यानंतर चौकोनच मोडला आणि जो तो वाट फुटेल तिकडे सुटला. ३१ ऑगस्टला आग्र्याला पोचले ते दोन-दोन चार-चारच्या टोळक्यांनी. आठवडाभर चुकलेमाकलेले येतच होते. मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत सुमारे चारशे किलोमीटर, जवळजवळ आठ आठवडे. आर्थर वेलस्लीने या माघारीचं विवेचन एका पत्रात केलं. धान्याचा साठा नसताना, नद्यांवर नावांची सोय नसताना शत्रूच्या मुलखात इतकं खोल शिरायचं नसतं, हा त्याचा मुख्य मुद्दा. बरोबरच आहे. पण यशवंतरावांनी पावसाळा, नद्या आणि चिखल यांचा हिशेब मनात धरूनच घाई न करता पाठलाग केला, ही अर्धी बाजू इंग्रज लेखक क्वचितच सांगतात. खिंडीत पायदळाच्या बंदुकीसमोर माणसं मारून घेण्यापेक्षा त्यांनी शत्रूला पावसाच्या हवाली केलं आणि प्रत्येक नदीच्या उतारावर गाठलं. गनिमी काव्याचा हा शेवटचा मोठा प्रयोग होय.

पुढे काय झालं ते लवकर सांगतो. यशवंतरावांनी मथुरा घेतली, ऑक्टोबरमध्ये दिल्लीला वेढा दिला पण ती पडली नाही. नोव्हेंबरमध्ये डीगची लढाई आणि फर्रुखाबादचा छापा यांत त्यांचं फार नुकसान झालं. भरतपूरच्या किल्ल्यावर लेकने १८०५ च्या सुरुवातीला चार वेळा हल्ले चढवले आणि तीन हजारांहून जास्त माणसं गमावली, किल्ला पडला नाही. पण एप्रिलमध्ये भरतपूरच्या राजाने तह केला. यशवंतराव पंजाबात गेले, शिखांची मदत मिळाली नाही. २४ डिसेंबर १८०५ ला राजघाटचा तह झाला. तोपर्यंत रिचर्ड वेलस्लीला इंग्लंडने परत बोलावलं होतं. युद्धाचा वाढता खर्च आणि मॉन्सनची नामुष्की यांचा त्यात मोठा वाटा होता. शिंद्यांना किंवा भोसल्यांना जितकं द्यावं लागलं त्यामानाने होळकरांचं बरंच राहिलं. माळव्यातला मुलूख परत मिळाला, तैनाती फौज गळ्यात पडली नाही. यशवंतराव भानपुऱ्याला तोफा ओतत बसले, मन ढळलं, आणि २८ ऑक्टोबर १८११ ला, पस्तिशीही पूर्ण व्हायच्या आत, गेले.

आणि इंदापूर? १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा हा तालुका १८०२-०४ च्या धक्क्यातून सावरलेला नव्हता. त्यावर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची सारापद्धत लादली गेली, ती पेलवेना, शेतकरी पुन्हा जमिनी टाकून जाऊ लागले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर नवी मोजणी केली ती याच इंदापुरातून. साऱ्या मुंबई इलाख्याला पुढे लागू झालेली सर्व्हे नंबरांची पद्धत इथे जन्मली. आज आपल्या सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर दिसतो त्याच्या मागे त्या ओस पडलेल्या गावांचा इतिहास आहे.

यशवंतरावांवर अलीकडे लेखन वाढलं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण त्यातलं बरंचसं माळवा, दिल्ली, भरतपूरभोवती फिरतं. ८ ऑक्टोबर १८०२ ला बारामतीच्या कोणत्या शिवारात फौजा भिडल्या, कोणत्या गावांनी किती खंडणी भरली, कोण गाव सोडून कुठे गेलं, दुष्काळानंतर कोण परतलं, हे अजून गावपातळीवर लिहिलं गेलेलं नाही. ही माहिती पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराच्या मोडी रुमालांत शोधावी लागेल, आणि तितकीच आपल्या घरांतही. बारामती, इंदापूर, दौंड भागात जुन्या पाटील, कुलकर्णी, देशमुख, जोशी घराण्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे गठ्ठे असू शकतात. वाडा पाडून बंगला बांधायची वेळ आली की हे गठ्ठे आधी रद्दीत जातात. आपल्या घरी असा गठ्ठा असेल तर तो जाळू नका, विकू नका. त्याचे फोटो काढा, मोडी वाचणारा माणूस गाठा, किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे तो घेऊन जा. शके १७२४ चा, दुंदुभी संवत्सराच्या आश्विन महिन्यातला एखादा कागद त्यात निघाला तर तो बारामतीच्या लढाईच्या दिवसांतला असेल.